आंबटगोड लाल कोबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्टुटगार्टला राहत होते तेव्हा घरमालकीणबाईंच्या शेजारी उभी राहून मी हा कोबी शिकले. पुण्यात परत आल्यापासून दर थंडीत तो आमच्या घरी होतो, आणि खाऊन गेलेली माणसं दोन दिवसांनी प्रश्न पाठवतात. जर्मन शिकणारी मुलं असतात, चाकणच्या कंपनीतून जर्मनीला जाऊन आलेले असतात, आणि ज्यांनी नुसता मंडईत तो जांभळा गड्डा पाहिला, अशा शेजारणीही असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे.

हा पदार्थ नक्की काय आहे? साउअरक्राउट म्हणतात ते हेच का?

नाही. साउअरक्राउट म्हणजे पांढरा कोबी मिठात दाबून आंबवलेला. त्याचा आंबटपणा आठवड्यांनी आपोआप तयार होतो. आपल्या कोबीत आंबट आपण घालतो आणि तो त्याच दिवशी शिजवून खातो. लाल कोबी, सफरचंद, कांदा, व्हिनेगर, साखर, लवंग, आणि मंद आचेवर तासभर वाफ, एवढंच त्यात आहे. जर्मनीत ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या दिवशी आणि नाताळात भाजलेल्या हंसाबरोबर किंवा बदकाबरोबर बटाट्याचे गोळे आणि हा कोबी वाढतात. डेन्मार्कमध्येही २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणात तो असतोच.

आपल्याला ही चव परकी नाही. चिंचगुळाची आमटी, मेथांबा, लग्नाच्या पानातलं पंचामृत, सगळं आंबटगोडच. म्हणून मला वाटतं, पुण्याच्या माणसाला हा कोबी समजावून सांगावा लागत नाही. फक्त आंबट कधी घालायचं, हे सांगावं लागतं. खालच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर शेवटी तिथेच जाऊन पोचतं.

एकदा नीट प्रमाण आणि कृती सांगाल का?

सहा माणसांसाठी: १ किलोचा लाल कोबी, २ सफरचंदं, २ मध्यम कांदे, २ मोठे चमचे तूप किंवा लोणी, २ मोठे चमचे साखर, ४ मोठे चमचे व्हिनेगर, दीड लहान चमचा मीठ, ५ लवंगा, २ तमालपत्रं, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अर्धी वाटी पाणी. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा.

कोबीचे चार भाग करून मधला पांढरा दांडा काढा आणि कोशिंबिरीला चिरतो त्यापेक्षा किंचित जाड चिरा. किसू नका, तासाभरात लगदा होतो. एक कांदा बारीक चिरा. दुसऱ्याचा अर्धा भाग घेऊन त्यात तमालपत्र लावून लवंगा टोचा. ही घरमालकीणबाईंची युक्ती: शेवटी कांदा उचलला की सगळ्या लवंगा बाहेर, कुणाच्या दाताखाली येत नाहीत. उरलेला अर्धा कांदाही चिरून टाका.

तुपावर चिरलेला कांदा मऊ करा, लाल करू नका. साखर घाला, विरघळली की कोबी घाला आणि लगेच ३ चमचे व्हिनेगर. हे 'लगेच' महत्त्वाचं आहे. चांगलं हलवलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोबी जांभळ्याचा गुलाबी-लाल होईल. मग मीठ, सफरचंदाच्या फोडी, टोचलेला कांदा, दालचिनी, पाणी. झाकण ठेवून झाकणावर पाणी घाला, जसं आपण वाफेच्या भाजीला ठेवतो, आणि अगदी मंद आचेवर ५० ते ७० मिनिटं. दर पंधरा मिनिटांनी हलवा. खाली लागतोय असं वाटलं तर झाकणावरचंच गरम पाणी थोडं आत घाला. शेवटी टोचलेला कांदा आणि दालचिनी काढा, उरलेलं १ चमचा व्हिनेगर घाला, चव घ्या.

पुण्यात लाल कोबी कुठे मिळतो आणि कसा निवडायचा?

मंडईत, मार्केट यार्डात आणि कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये ब्रोकोली-झुकिनी विकणाऱ्यांकडे मिळतो. 'जांभळा कोबी' म्हटलं तरी कळतं. थंडीतला घ्या, गोड असतो. हातात जड लागला पाहिजे, पानं घट्ट हवीत, देठाची कापलेली बाजू सुकून तडकलेली नको. पानांवर पांढुरकी भुकटी दिसते ती पानाचं स्वतःचं मेण असतं, औषधाची फवारणी समजून घाबरू नका. अर्धा कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मात्र घेऊ नका, कडा वाळलेल्या असतात.

कोबीत अळ्या आणि जंत असतात म्हणून आमच्याकडे कोबीच खात नाहीत. इथे काय करायचं?

अळी आणि जंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अळी दिसते, ती पतंगाची असते. बाहेरची दोन-तीन पानं टाकली आणि गड्ड्याचे चार भाग करून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवले की निघून येते. जंताची अंडी दिसत नाहीत, ती घाणेरड्या पाण्यातून किंवा मातीतून भाजीवर येतात, म्हणून कच्च्या कोशिंबिरीची काळजी रास्त आहे. हा कोबी तासभर उकळत्या वाफेत असतो. त्यात ती भीती उरत नाही. धुणं मात्र चिरायच्या आधी करा, चिरल्यावर धुतलात तर रंग पाण्याबरोबर मोरीत जाईल.

एक तास गॅस कोण जाळणार? कुकरमध्ये होतो का?

होतो. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, वाफ आपोआप जाऊ द्यायची, मग झाकण काढून दहा मिनिटं उघडा आटवायचा. रंग टिकतो, कारण आंबट आधीच पडलेलं असतं. पण कुकरात एक गोष्ट कमी पडते. कोबी शिजताना त्यातली गंधकाची संयुगं मोकळी होतात, तोच तो वास ज्याने जिन्यात पाऊल टाकताच शेजारच्यांना कळतं. उघड्या भांड्यात, अधूनमधून झाकण काढताना, तो निघून जातो. कुकरमध्ये तो आतच कोंडतो. घाई असेल तेव्हा कुकर, पाहुणे असतील तेव्हा पातेलं, असं मी करते.

आमचा कोबी शिजताना निळा झाला! फेकून द्यायचा का?

फेकू नका. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून नीट सांगते.

लाल कोबीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. जांभळात, करवंदात, आमसुलातही याच कुळातला रंग आहे. हे द्रव्य पाण्यात विरघळतं आणि आंबटपणावर रंग बदलतं: आंबटात लाल-गुलाबी, मध्यम असेल तर जांभळा, अल्कधर्मी झालं की निळा, आणि त्याच्याही पुढे हिरवट. शाळेतल्या लिटमस कागदासारखंच. बदल दोन्ही दिशांनी होतो, त्यामुळे निळ्या कोबीवर चमचाभर व्हिनेगर घालून हलवलं तर तो परत लाल होतो. करून पाहा, घरात मुलं असतील तर त्यांना बोलावून पाहा.

निळा का पडला, त्याची पुण्यात तीन कारणं मला आढळली. पहिलं पाणी. ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं तिथे ते पाणीच अल्कधर्मी असतं. मी परत आल्यावर पहिल्यांदा कोबी केला तो अशाच पाण्यात आणि आंबट घातलं शेवटी. ताटात निळसर राखाडी काहीतरी आलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण मोठ्या प्रेमाने लोकांना बोलावलं होतं. दुसरं कारण सोडा. लवकर मऊ व्हावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालणारे बरेच आहेत. कृपया घालू नका, रंग जातो, आणि कोबी मऊ न होता गिळगिळीत होतो. तिसरं कारण भांडं, त्याचं उत्तर पुढच्याच प्रश्नात आहे.

एक गंमत अशी की जर्मनीतही या एका भाजीला दोन नावं आहेत. उत्तरेकडे 'रोटकोल', म्हणजे लाल कोबी. दक्षिणेकडे बव्हेरिया आणि श्वाबेनमध्ये 'ब्लाउक्राउट', म्हणजे निळा पाला. आंबट कमी घातलं की जांभळ्या-निळ्याकडे झुकतो, जास्त घातलं की लाल, त्यातून ही नावं पडली असं तिथे सांगतात. जर्मन शिकणाऱ्या सगळ्यांना 'ब्लाउक्राउट ब्लाइब्ट ब्लाउक्राउट उंड ब्राउटक्लाइड ब्लाइब्ट ब्राउटक्लाइड' हे जीभ वळवणारं वाक्य पाठ असतं. त्यातलं ब्लाउक्राउट म्हणजे हाच कोबी.

लोखंडी कढई चालेल का? पितळी पातेलं?

लोखंडी नको. लोह आणि हे रंगद्रव्य एकत्र आलं की काळपट निळा रंग येतो, आणि आंबटामुळे लोखंडाची चवही उतरते. ॲल्युमिनियमही नको. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं सगळ्यात बरं. पितळेला कल्हई ताजी आणि अखंड असेल तर हरकत नाही, पण कुठे पिवळं दिसत असेल तर त्यात आंबट शिजवायचंच नसतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. मातीचं भांडं छान, फक्त आच आणखी मंद.

व्हिनेगर कुठलं? चिंच, लिंबू किंवा आमसूल वापरता येईल का?

दुकानात जे स्वस्त पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मिळतं ते ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं. काम होतं, पण नाकात जातं. सफरचंदाचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या. सफरचंद कोबीत आहेच, दोघांचं जमतं. जांभळाचा शिरका मिळाला तर फारच उत्तम, रंगही गडद होतो.

व्हिनेगर दोन हप्त्यांत का घालायचं हेही लोक विचारतात. सुरुवातीचं रंगासाठी. पण ॲसेटिक ॲसिड वाफेबरोबर उडतं, तासाभराने त्याचा टोकदारपणा उरत नाही, म्हणून शेवटचा चमचा चवीसाठी.

आमसूल मी स्वतः बरेचदा वापरते. आठ-दहा आमसुलं अर्ध्या वाटी गरम पाण्यात कुस्करून ते पाणी सुरुवातीलाच घालायचं. रंग सुंदर येतो, आंबटपणा मवाळ राहतो. आमसुलाला मीठ लावलेलं असतं हे लक्षात ठेवून वरचं मीठ कमी करा. लिंबूही चालतं, पण अर्धं आधी आणि अर्धं गॅस बंद केल्यावर, नाहीतर त्याचा ताजा वास जातो. चिंच नको. चवीला वाईट लागत नाही, पण कोबी तपकिरी होतो आणि मग तो लाल कोबी राहत नाही.

साखरेऐवजी गूळ चालेल का?

चालेल, पण सावकाश. गूळ करताना रस साफ करायला चुना वापरतात, त्यामुळे काही गूळ आंबटपणा थोडा खाऊन टाकतो. गुळाचा असेल तर व्हिनेगर अर्धा चमचा वाढवा आणि फिका पिवळा गूळ घ्या. काळ्या गुळाने रंग मळतो. माझं मत विचाराल तर आमटीला गूळ, या कोबीला साखर. घरमालकीणबाई साखरेबरोबर शेवटी रेडकरंट या आंबट लाल फळाची जेली घालायच्या. ती इथे सहज मिळत नाही. मे महिन्यात सिंहगडाच्या वाटेवर करवंदं घेऊन त्यांची जेली करून ठेवली असेल तर एक चमचा ती घाला. चव इतकी जवळ जाते की पहिल्यांदा मीच दोनदा चाखून पाहिली.

सफरचंद कुठलं? नसेल तर?

आंबटसर, कडक. हिरवं सफरचंद उत्तम. शिमल्याचं लाल चालेल, पण पिठूळ झालेलं नको. सफरचंद गोडी देतं, आणि त्यातल्या पेक्टिनमुळे रस थोडा दाट होऊन कोबीला धरून राहतो. अर्ध्या फोडी विरघळतात, अर्ध्या राहतात, तसंच हवं. नसेल तर अर्धी वाटी कैरीचा कीस घाला आणि व्हिनेगर निम्मं करा. पेरू घालू नका, बिया आणि वास दोन्ही वरचढ होतात.

मोहरी-हिंगाची फोडणी देऊ का? हळद?

मोहरी जमते, कोबी आणि मोहरी एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. हळद नको: लाल आणि पिवळं मिसळून विटकरी रंग येतो. हिंगाचा वास लवंगेशी भांडतो. गरम मसालाही नको. जर्मन पाककृतीत 'पिमेंट' लिहिलेलं असतं ते ऑलस्पाइस, एकाच झाडाचं फळ; गरम मसाल्यासारखं मिश्रण नव्हे. तिथलं 'लॉरबेअर' आणि आपलं तमालपत्रही एक नाही. तिकडचं पान वेगळ्या झाडाचं, आपलं दालचिनीच्या कुळातलं. म्हणून आपलं तमालपत्र घालत असाल तर दालचिनीचा तुकडा लहानच ठेवा. जुनिपरची फळं मिळाली तर चार ठेचून घाला, नाही मिळाली तर काही अडत नाही.

पांढऱ्या कोबीचा होईल का?

होईल, पण कृती उलटी करावी लागते. आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही. चिंचेच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तसंच. लाल कोबीत रंगासाठी आपण तो उशीर सहन करतो, आणि त्यामुळेच तासाभरानंतरही तो चावायला थोडा कणखर राहतो. पांढऱ्याला वाचवायचा रंगच नाही. म्हणून आधी साखर कोरड्या पातेल्यात सोनेरी करायची, तूप घालायचं, कोबी परतायचा, मीठ-पाणी घालून मऊ शिजवायचा आणि व्हिनेगर अगदी शेवटी. डेन्मार्कमध्ये सोनेरी केलेल्या साखरेचा असा तपकिरी कोबी करतात, बव्हेरियात कॅरावे, म्हणजे जिऱ्यासारखं दिसणारं एक बी, घालून. कॅरावे म्हणून आपलं नेहमीचं जिरं घालू नका, चव पूर्ण वेगळी होते.

सगळं प्रमाणात घातलं तरी फार आंबट झाला, किंवा नुसता गोड लागतोय.

सफरचंद आणि कोबी दर वेळी वेगळे असतात, त्यामुळे शेवट जिभेनेच करावा लागतो. आणि चव गरमागरम घेऊ नका; बशीत काढून दोन मिनिटं थांबा, गोडी तेव्हा नीट कळते. आंबट वाटला तर आधी मीठ पुरेसं आहे का बघा, पुष्कळदा चिमूटभर मिठानेच आंबट मऊ होतं. मग साखर, अर्धा-अर्धा चमचा, आणि वर थोडं तूप. गोड वाटला तर व्हिनेगर. खारट झाला तर बटाटा टाकून मीठ ओढून घेता येत नाही. आणखी एक सफरचंद चिरून घाला आणि दहा मिनिटं शिजवा. सोडा घालून आंबट मारू नका, का ते निळ्या कोबीच्या उत्तरात आहे.

आमच्याकडे चातुर्मासात कांदा चालत नाही.

कांद्याशिवाय करा. एक सफरचंद वाढवा आणि लवंगा सफरचंदाच्या अर्ध्या भागात टोचा. मी आषाढात कांदेनवमीनंतर तसाच करते.

कशाबरोबर वाढायचा?

उकडलेला बटाटा कुस्करून, तूप-मीठ घालून, त्याबरोबर सगळ्यात छान. मुगाच्या खिचडीबरोबर अप्रतिम. थालीपिठाबरोबर चांगला, साध्या वरण-भाताबरोबरही. मांसाहारी असाल तर भाजलेल्या कोंबडीबरोबर. रस्साभाजीच्या शेजारी नको, दोन्हींची चव मरते. पानात डावीकडे वाढायचा की उजवीकडे, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. मी पंचामृताच्या जागी वाढते, पण भाजीएवढा.

मुलगा जर्मनीत शिकतो. तिथल्या कँटीनमधला हा कोबी शाकाहारी असतो का?

धरून चालू नका. पारंपरिक पद्धतीत हंसाची किंवा डुकराची चरबी, 'श्माल्त्स', वापरतात, कधी बेकनही. बाटलीतल्या तयार कोबीवर घटक लिहिलेले असतात, ते वाचायला सांगा. कँटीनमध्ये 'इस्ट दास वेगेटारिश?', म्हणजे 'हे शाकाहारी आहे का?', एवढं विचारलं तरी पुरतं.

मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर?

२ चमचे साखर म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा जणांत प्रत्येकी चार ग्रॅमच्या आसपास, अधिक सफरचंदाची. साखर एका चमच्यावर आणली तरी चव राहते, व्हिनेगर मात्र त्या मानाने कमी करा. थायरॉइडच्या बाबतीत कोबीतल्या ज्या घटकांची काळजी असते त्यांचा परिणाम शिजवल्यावर बराच कमी होतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर कोबीतल्या के जीवनसत्त्वामुळे एकदम जास्त खाऊ नका. यापुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

२५ जणांसाठी करायचा आहे. सगळं चौपट करू का?

कोबी, सफरचंद, मीठ चौपट. पाणी दुप्पटच, कारण भरलेल्या पातेल्यातून वाफ कमी जाते आणि कोबी स्वतःचं पाणी सोडतो. लवंगा पंधरा पुरे. व्हिनेगर सुरुवातीला तिप्पट घाला, बाकीचं चाखून. आणि एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन घ्या; एकात वरचा थर कच्चा आणि खालचा करपलेला होतो. शक्यतो आदल्या दिवशी करा.

आदल्या दिवशी केला तर चालतो? किती टिकतो?

दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, आंबट आणि गोड एकमेकांत मुरतं. फ्रिजमध्ये काचेच्या डब्यात चार दिवस. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, पोत फारसा बिघडत नाही.

फ्रिजमधून काढून गरम केला तर पुन्हा जांभळा झाला. आधी तर लाल होता.

गरम करताना पाणी घातलंत का? तेच जड पाणी पुन्हा आत गेलं, आणि व्हिनेगर पहिल्या दिवशी बरंच उडून गेलेलं होतं. त्या पाण्याऐवजी सफरचंदाचा रस किंवा आरओचं पिण्याचं पाणी दोन चमचे घाला, वर अर्धा चमचा व्हिनेगर, झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा. पाच मिनिटांत लाल होईल.